आधी हात बघा, मग काठी : अर्निसबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फिलिपिन्सच्या अर्निसवर, म्हणजे त्यांच्या काठी-सुरीच्या युद्धकलेवर, दोन पानं छापली होती. वाटलं होतं कोण वाचतंय, पण प्रश्नांचा ढीग आला, त्यात एक तर चक्क पोस्टकार्डावर. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पुन्हापुन्हा आलेले आणि थोडे तिखट असे निवडलेत.

आम्ही कोल्हापूरचे. लहानपणापासून तालमीत लाठीकाठी, फरी-गदका, पट्टा बघतोय. तुमचे फोटो बघून वाटलं हे तर आपलंच, नाव तेवढं परदेशी. मग एवढं कौतुक कशाला? (एक वस्ताद, कोल्हापूर)

वस्ताद, राग समजला, आणि अर्धा मान्य पण आहे. काठी ही काय कुणा एकाच्या बापाची नाही, जिथे जिथे माणूस आहे तिथे ती कशी मारायची आणि कशी चुकवायची हे कुणीतरी बसवलेलं आहेच. पण तुम्ही लाठीशी तुलना करताय तिथे गडबड होते. आपली लाठी जवळपास माणसाच्या उंचीची, दोन्ही हातांनी फिरवायची, चारी बाजूंनी माणसं आली तरी घेरा राखायचा हे तिचं काम. अर्निसची काठी साधारण सव्वादोन फूट, म्हणजे ७० सेंटिमीटरच्या आसपास, एका हातात धरायची आणि सगळं लक्ष समोरच्या एका माणसावर. त्यामुळे जुळवायचंच असेल तर गदक्याशी, म्हणजे एका हातातल्या आखूड काठीशी जुळवा, ते बऱ्यापैकी जुळतं. फक्त तुमच्या डाव्या हातात फरी, म्हणजे छोटी ढाल असते आणि त्यांचा डावा हात एकाच काठीच्या खेळात रिकामा असतो.

आणि खरी मजा त्या रिकाम्या हातातच आहे. काठीने वार अडवला की त्याच क्षणी डावा हात समोरच्याच्या मनगटावर जातो, दाबतो, ढकलतो, खाली ओढतो, काठी पिळून काढून घेतो, आणि तोवर उजव्या हाताचा पुढचा वार निघालेला असतो. फिलिपिन्सच्या सेबू शहरात बालिंतावाक नावाची शैली आहे, वेनान्सिओ बेकॉन या उस्तादाने १९५२ मध्ये सुरू केलेली, ती तर एकच काठी आणि हा मोकळा हात एवढ्यावरच उभी आहे. बालिंतावाक हे तिथल्या रस्त्याचं नाव, वर्ग चालायचा एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या मागे. तिथे माणसं हाताच्या अंतरावर उभी राहून लढतात, बघताना काठी दिसतच नाही, नुसता टकटकटक आवाज येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नेम कुठे धरायचा. नवशिक्याला वाटतं डोकं फोडायचं. जुने एस्क्रिमाचे (हे अर्निसचंच दुसरं नाव) लोक सांगतात की हत्यार धरलेला हात फोडा, बोटं, मनगट, कोपराखालचा भाग. ते याला सापाचे दात पाडणं म्हणतात. हात गेला की हत्यार खाली पडलं, मग डोकं कुठे पळून जातंय. आणि तुमच्या-माझ्या वयाला हे बरं पण आहे, कारण हातापर्यंत पोचायला कमी पुढे जावं लागतं.

कौतुक म्हणाल तर ते मर्दानी खेळाचं पण करूच, दांडपट्टा २०२४ पासून महाराष्ट्राचं राज्यशस्त्र आहे, चांगलंच झालं. पण एक बोलू का, आपल्याकडे आता बऱ्याच ठिकाणी मिरवणुकीपुरतं फिरवणं उरलंय, हलगी वाजतेय, टाळ्या पडतायत, समोर माणूस मात्र नाही. अर्निसच्या वर्गात दहा मिनिटांत तुमच्यासमोर एक जण काठी घेऊन उभा असतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काली म्हणजे आपल्या कालीमातेचं नाव का? मग अर्निस आणि एस्क्रिमा वेगळं का? (विरार)

कालीमातेशी संबंध जोडणारा काही पुरावा नाही, कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर हसून सोडून द्या. तिन्ही नावं साधारण एकाच गोष्टीची. सेबूकडे एस्क्रिमा म्हणतात, मनिलाकडे आणि सरकारी कागदावर अर्निस, ही दोन्ही स्पॅनिशवरून आलेली, आणि काली हे नाव अमेरिकेतल्या शिक्षकांमुळे जगभर झालं. नावावरून भांडणं मात्र फिलिपिनो लोकांत पण जोरदार होतात, त्यात आपण पडायचं नाही.

आमच्या मुलाच्या क्लासमध्ये सांगितलं की लापू-लापू राजाने याच कलेने मॅजेलनला मारलं. हे खरं का? इतिहासाचा शिक्षक म्हणून विचारतो. (डोंबिवली)

सर, मॅजेलन मेला हे शंभर टक्के खरं. २७ एप्रिल १५२१, मॅक्तान बेट, आज सेबूचं आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे ना तेच बेट. मोहिमेत आंतोनियो पिगाफेट्टा नावाचा इटालियन होता, तो स्वतः त्या लढाईत जखमी झाला आणि त्याने सगळं लिहून ठेवलंय. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि खडक, त्यामुळे होड्या लांब राहिल्या, होड्यांवरच्या तोफांचा काही उपयोग झाला नाही. पन्नासेक माणसं मांडीभर पाण्यातून चालत गेली आणि समोर पिगाफेट्टाच्या हिशोबाने दीड हजार (हा आकडा हरलेल्या बाजूचा आहे हे लक्षात ठेवून वाचायचा). बाण, बांबूचे भाले, जाळून टोक कडक केलेल्या काठ्या, दगड, चिखल, जे हाताला लागेल ते. चिलखत अंगावर होतं म्हणून त्यांनी उघड्या पायांवर नेम धरला. शेवटी एकाने मोठ्या पात्याच्या हत्याराने मॅजेलनच्या डाव्या पायावर वार केला, तो तोंडावर पडला आणि मग सगळे तुटून पडले.

आता यात वारांचे ठरलेले बारा कोन, दोन काठ्यांची जोडी, ठरलेले डाव असं काहीही लिहिलेलं नाही. लापू-लापूने स्वतःच्या हाताने मारलं असं पण लिहिलेलं नाही. तिथे माणसांना हत्यार चालवता येत होतं एवढं नक्की, पण आज शिकवतात ती पद्धत तेव्हा होती असं म्हणणं म्हणजे उगाच पाचशे वर्षं मागे ताणणं. या कलेतले शब्दच बघा, स्पॅनिशवरून आलेले, एस्पादा इ दागा म्हणजे तलवार आणि खंजीर, सोलो बास्तोन म्हणजे एक काठी, दोब्ले बास्तोन म्हणजे दोन, अबानिको म्हणजे पंखा, रेदोंदा म्हणजे गोल, अंतरं सुद्धा लार्गो (लांब), मेदियो (मधलं), कोर्तो (जवळचं) आणि वार मोजायचे ते उनो, दोस, त्रेस. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य होतं, त्या काळात स्थानिक हत्यारबाजी आणि युरोपची तलवारबाजी एकमेकांत मुरली असं मानायला जागा आहे. सेबूचे काही अभ्यासक म्हणतात की दक्षिणेकडून समुद्रमार्गे गुलाम पकडायला टोळ्या यायच्या, त्यांच्याविरुद्ध किनाऱ्यावरची गावं सज्ज करताना हे घडत गेलं. मला हे म्हणणं लापू-लापूच्या गोष्टीपेक्षा जास्त पटतं.

आणि सर, कागदावरचा इतिहास काय कमी रंगतदार आहे? सेबूत १९३२ साली दोसे पारेस नावाचा क्लब निघाला, सावेद्रा आणि कान्येते या घराण्यांतले लोक त्यात होते. पुढे भांडणं झाली, बेकॉन बाहेर पडला, त्याने बालिंतावाक काढलं आणि मग दोन्हीकडचे शिष्य वर्षानुवर्षं एकमेकांना आव्हानं देत राहिले. आपल्याकडच्या तालमींचं वैर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. मुलाला हे सांगा, त्याला आवडेल.

मी दुबईत नर्स आहे. माझी फिलिपिनो सहकारी सेबूची, तिचा भाऊ इथे शुक्रवारी पार्कमध्ये मुलांना एस्क्रिमा शिकवतो. माझी मुलगी ९ वर्षांची आहे, पाठवू का? लागेल बिगेल का? (एक ताई, दुबई)

ताई, पाठवा, आणि पहिल्या दिवशी स्वतः बाजूला बसून बघा. शिकवणारा सेबूचा आहे आणि घरातल्यासारखा ओळखीचा आहे, अशी सोय मुंबई-पुण्यात पैसे देऊन मिळत नाही.

वर्गात काय होतं ते सांगते. मुलांना बहुतेक आधी सिनावाली शिकवतात, दोन्ही हातात एकेक काठी आणि समोर जोडीदार. सुरुवात अशी की उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेखाली. मग उजवी सरळ वरून, डावी काखेखालून उलटी, पुन्हा उजवी उलटी. हे तीन झाले की सगळं उलट बाजूला जातं, डावी खांद्यावर, उजवी डाव्या काखेखाली, आणि परत तीन. सहा ठोक्यांचं एक आवर्तन. समोरचा पण तेच करतो, त्यामुळे काठीवर काठी बसते, कुणाच्या अंगावर नाही. पहिला अर्धा तास डावा हात ऐकतच नाही, काठ्या एकमेकांत अडकतात, मुलं हसून हसून बेजार होतात, आणि मग अचानक कधीतरी ताल लागतो. तो लागला की शिकवणारा वेग वाढवतो, मग पाय हलवायला सांगतो, मग एक काठी काढून घेतो. तिथे कळतं की हात काय शिकला ते.

लागण्याबद्दल म्हणाल तर बोटांवर एखादा फटका बसणारच. पूर्वी तर हातावर मारूनच शिकवायचे, बरेच जण कंटाळून सोडून द्यायचे. रेमी प्रेसास नावाचे नेग्रोस बेटावरचे शिक्षक होते, त्यांनी सरावात हाताऐवजी काठीवर काठी मारायची पद्धत रुळवली, म्हणून शाळा-कॉलेजात हे शिकवणं शक्य झालं. ९ वर्षांच्या पोरीला सुरुवातीला फोम लावलेली काठी द्या आणि डोळ्यांना चष्मा, तो खेळाचा, जाड प्लास्टिकचा. हातमोजे नंतर बघू. आणि सहकारी मैत्रिणीला विचारा तिच्या भावाने कुणाकडे शिकलं, ती अर्धा तास बोलेल बघा, या लोकांना गुरूचं नाव सांगायला फार आवडतं.

काठी कुठली घ्यावी? बांबूची चालेल का? (चिंचवड)

बांबू अजिबात नको. बांबू फुटला की त्याच्या लांब धारदार चिंध्या निघतात आणि त्या डोळ्याच्या उंचीवर उडतात. वेत घ्या, तोच वेत ज्याची छडी शाळेत आपल्या पिढीने खाल्लीय आणि ज्याच्या खुर्च्या होतात. वेत आतून भरीव आणि दोऱ्यादोऱ्याचा असतो, मार खाल्ला की चिरत नाही, झिजतो, टोकाला झाडूसारखा सुटायला लागतो आणि तुम्हाला आधी कळतं की आता बदलायला पाहिजे. अंगठा-तर्जनी जेमतेम मिळतील एवढी जाडी, गाठी जवळजवळ असतील तर उत्तम, वरची साल शाबूत. फर्निचरवाल्या वेतकाम करणाऱ्यांकडे विचारा, क्रीडासाहित्याच्या दुकानापेक्षा स्वस्त पडेल. फुटायला आलेल्या जागी इन्सुलेशन टेप गुंडाळायचा, सगळे तेच करतात. कामागोंग नावाच्या काळ्या जड लाकडाच्या काठ्या ऑनलाइन दिसतील, दिसायला सुंदर, पण त्या जोडीदाराबरोबर वापरायच्या नाहीत, हाड मोडेल. एकट्याने हवेत फिरवायला ठीक.

आणि हो, ही काठी स्कूटरवर उघडी लटकवून हिंडू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्रांबरोबर काठ्या-लाठ्या बाळगायलाही बंदी असते. बॅगेत घाला, क्लासचं ओळखपत्र जवळ ठेवा.

ब्रूस ली हे शिकला होता का? यूट्यूबवर सगळे तसंच सांगतात. (अमरावती)

ब्रूस लीचा मित्र आणि शिष्य डॅन इनोसांतो, त्याने लीला नानचाकूची, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन छोट्या काठ्यांची, ओळख करून दिली हे खरं. हा इनोसांतो १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॉक्टन गावी जन्मला, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट ब्रूस लीची नाहीच, त्या गावाची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं, तिथली तरुण पोरं मजुरीला आधी हवाईच्या उसाच्या मळ्यांत आणि मग कॅलिफोर्नियाच्या शेतात गेली. स्टॉक्टनजवळ शतावरीसारखी एक भाजी होते, ॲस्परॅगस, ती वाकून वाकून कापायची. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने गोऱ्या बायकांशी लग्न करायला बंदी, वस्ती वेगळी, मारहाण नेहमीची. या मजुरांत एस्क्रिमा जाणणारे कितीतरी होते पण ते बाहेरच्याला शिकवत नसत, स्वतःच्या पोरांनाही कित्येकदा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ मध्ये फिलिपिनो लोकांची वेगळी पायदळ रेजिमेंट उभी केली, त्या सैनिकांना बोलो, म्हणजे शेतातला मोठा कोयताच म्हणा, तो पण दिला होता. लिओ गिरोन नावाचा माणूस लढाईत बोलो वापरून परत आला आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याने वर्ग काढला. त्याआधी १९६६ मध्ये एंजेल काबालेस याने स्टॉक्टनमध्ये सगळ्यांसाठी खुला वर्ग सुरू केला होता, आणि जुन्या मंडळींना ते मुळीच रुचलं नव्हतं. इनोसांतो या सगळ्यांकडे शिकला आणि त्याने ते जगाला दाखवलं. आज हॉलिवूडच्या मारामारीत हातातल्या पेनने नाहीतर गुंडाळलेल्या मासिकाने जी झटापट दिसते ना, तिचं मूळ बरंचसं त्या शेतमजुरांकडे जातं.

सुरी घेऊन कुणी अंगावर आला तर अर्निसचा उपयोग होईल का? लेडीज बॅचसाठी विचारतेय. (नाशिक)

पळा. खरंच, पळता येत असेल तर पळा, ओरडा, मधे टेबल-खुर्ची-रिक्षा काहीतरी आणा. सुरी हातातून काढून घ्यायचे जे डाव व्हिडिओत दिसतात ते जोडीदार सहकार्य करतो तेव्हाच चालतात. याची खात्री करायची असेल तर एक मार्कर पेन घ्या, पांढरा टी-शर्ट घाला, आणि जोडीदाराला सांगा की मनापासून भोसकायचा प्रयत्न कर, आणि मग शर्ट बघा. चांगले शिक्षक हा प्रयोग स्वतः करवून घेतात.

मग उपयोग काय? तर अंतराची नजर येते. कोण किती जवळ आला की हात पोचतो हे डोळ्याला कळायला लागतं, वार कुठल्या कोनातून येतोय ते दिसतं, आणि अचानक काही आलं की माणूस गोठत नाही. अर्निसमध्ये वारांना नंबर असतात, बऱ्याच शैलींत बारा, एक नंबर डाव्या कानशिलावर, दोन उजव्या, पाच नंबर पोटात खुपसणं, बारा नंबर टाळूवर. काठी असो, सुरी असो, छत्री असो, कोन तेच राहतात. ताई, तुमच्या बॅचला हत्यार काढून घेणं शिकवण्याआधी हे कोन ओळखणं आणि बाजूला सरकणं शिकवा, सहा महिने तेवढंच पुरे. आणि पर्समध्ये बटनचाकू किंवा ते फिलिपिनो दुमडणारं बालिसोंग ठेवायची आयडिया कुणी देत असेल तर नाही म्हणा, कायद्याचं लफडं वेगळं आणि हिसकावलं गेलं तर वेगळंच.

मी तीस वर्षं कराटे शिकवतो. अर्निसच्या स्पर्धा बघितल्या, हेल्मेट, जाड जाकीट घालून नुसती ठोकाठोकी. यात कला कुठे आहे? (बेळगाव)

सर, तुमचं म्हणणं फिलिपिन्समधले म्हातारे उस्ताद पण म्हणतात. अंगभर पॅडिंग असलं की माणूस वार अडवायचंच विसरतो, आपण चार खाऊ पण पाच देऊ असा हिशोब होतो. खरं पातं असतं तर दोघंही पहिल्याच सेकंदाला संपले असते. हा दोष आहे, लपवण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजू बघा. या स्पर्धा नव्हत्या तेव्हा हुएगो तोदो व्हायचा, म्हणजे बिनपॅडिंगची खुली लढत, हातपाय मोडायचे, क्वचित जीव जायचा. त्यात कला दिसायची असं म्हणणारे बहुतेक बघणारे असतात, खेळणारे कमी. पॅडिंगमुळे पोरंपोरी शाळेतून यायला लागली. ११ डिसेंबर २००९ ला तिथे कायदा झाला, रिपब्लिक ॲक्ट ९८५०, आणि अर्निस फिलिपिन्सचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरली. त्यांच्या शालेय राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत आता अर्निस असतंच. २०१९ मध्ये आग्नेय आशियाई स्पर्धा त्यांच्याकडे होत्या तेव्हा अर्निसचे तब्बल २० प्रकार ठेवले होते, आणि यजमानांनी पदकं लुटली हे सांगायला नकोच, सगळेच यजमान तसं करतात.

त्या २० मध्ये लढतीबरोबर आन्यो पण होतं, तुमच्या कराटेतल्या काताच्या जवळचा प्रकार, एकेरी काठी, दुहेरी काठी, तलवार-खंजीर अशा आखलेल्या हालचाली. तुम्ही ते बघा आधी, तुमची नजर तिथे पटकन बसेल, उभं राहणं, कंबर, हाताची रेषा सगळं दिसेल. लढत बघायची तर काठीची लढत बघताना स्कोअर बघू नका, ज्याच्या हातावर कमी फटके बसलेत तो शोधा.

आमच्या भागात एका जिममध्ये काली ॲडव्हान्स कोर्स, सात दिवसात सर्टिफिकेट अशी जाहिरात आहे. जाऊ का? (कल्याण)

सात दिवसात सिनावाली नीट बसली तरी पुष्कळ. जाऊन तीन गोष्टी बघा. शिकवणारा स्वतः कुणाकडे शिकला ते विचारल्यावर सरळ नाव आणि गाव सांगतो का, की हिमालयातले गुरू आणि गुप्त परंपरा सुरू होते. वर्गात विद्यार्थी एकमेकांना वार देतात का, का सगळे एका दिशेला तोंड करून हवेत फिरवतात. आणि नवशिक्याबरोबर सराव करताना सर स्वतःचा वेग कमी करतात का, कारण नवशिक्याच्या बोटांवर मारून शान दाखवणारा माणूस शिकवत नसतो. फी आगाऊ भरायची असेल तर एक महिन्याचीच भरा.